व्हायोलिनचं गाव कोणतं?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक अर्ज आला. अर्जदार माझी नात, वय वर्षे सोळा. मागणी : व्हायोलिनला लावायचा पिकअप, वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं लूपचं यंत्र आणि एक मध्यम आकाराचा ॲम्प्लिफायर. आठ वर्षं गायकी अंगानं व्हायोलिन शिकल्यावर तिला आता विरारच्या दोन मुलांबरोबर 'फ्यूजन' करायचं आहे. एक मुलगा गिटार वाजवतो आणि दुसरा कहोन. (कहोन म्हणजे ज्यावर बसून वाजवतात ते लाकडी खोकं, हे मला तिनंच समजावलं.) तिच्या आजीनं मान डोलावली, वडिलांनी किंमत विचारली आणि आगाशीत संध्याकाळी ज्यांच्याबरोबर मी तळ्याकाठी बसतो त्या मंडळींनी एकमुखानं निकाल दिला : पोरगी बिघडली.

माझी उभी हयात बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. अर्ज आला की आधी कागद बघायचे, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. म्हणून म्हटलं, आधी या व्हायोलिनचेच कागद तपासू.

हे वाद्य मुळात परदेशी. मुथुस्वामी दीक्षितारांचे धाकटे बंधू बालुस्वामी (१७८६-१८५८) यांनी ते युरोपीय वादकाकडून शिकून कर्नाटक संगीतात रुजवलं. आपल्याकडे गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार अशा थोरांनी त्याला ख्याल गायला शिकवलं. जोगांचं व्हायोलिन बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईशी बोललं. दातारांनी तर ते इतकं गळ्याजवळ नेलं की डोळे मिटले तर कुणी गात आहे असं वाटावं. भावगीतांच्या दुनियेत प्रभाकर जोगांच्या वाद्याला लोक 'गाणारं व्हायोलिन'च म्हणत. त्यासाठी या मंडळींनी काय केलं? उभ्यानं किंवा खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य मांडी घालून घेतलं, त्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलं, तारा षड्ज-पंचमात मिळवल्या आणि बोट उचलून ठेवण्याऐवजी तारेवरून घसरू दिलं. पडदे नसल्यामुळे मींड या वाद्यात आधीपासून होतीच. ती आमच्या कामाची आहे हे ओळखलं, एवढंच. थोडक्यात, ज्याला आज आपण 'शुद्ध शास्त्रीय व्हायोलिन' म्हणतो ते स्वतःच एक यशस्वी फ्यूजन आहे.

आम्हा वसईकरांना तर हे नवं वाटायला नको. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलानंतर १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला अशी एक घंटा आजही टांगलेली आहे, भीमाशंकरला दुसरी आहे. जिंकणाऱ्यांनी ती वितळवली नाही, तिचा नाद बदला असंही कुणी म्हटलं नाही. ती आपल्या मूळच्या नादात तिथे वाजू लागली आणि देवानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

गोव्याच्या वादकांनी मुंबईत हेच काम उलट्या बाजूनं केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) चित्रपटसंगीतात व्हायोलिन वाजवून पोट भरत. पण राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र नांदावेत हा त्यांचा ध्यास होता. १९५८मध्ये त्यांनी त्यासाठी मोठा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांच्यासारखे गायक त्यात उभे राहिले. तो प्रयोग फार टिकला नाही. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) गुरूचं नाव एका पात्राला मिळवून दिलं, म्हणून ते घराघरात पोचलं. नाव राहिलं, संगीत मागे पडलं. मला हे कायम लागून राहिलं आहे.

एवढे कागद बघितल्यावर अर्ज मंजूर करायला हरकत नव्हती. पण तळ्याकाठच्या मंडळींचा आक्षेप अगदीच खोटा नाही. फक्त तो नीट मांडायला हवा.

रागात प्रत्येक स्वराचं नातं एकाच षड्जाशी असतं आणि तंबोरा ते सतत आठवून देत राहतो. गिटारवाला कॉर्ड बदलतो तेव्हा त्या स्वराखालची जमीनच सरकते. यमनमधला निषाद षड्जाकडे झेपावू पाहतो, पण त्याच्याखाली भलती कॉर्ड आली की तोच निषाद पाय पसरून आरामात बसतो. स्वर तोच असतो, त्याची ओढ मात्र गेलेली असते. दरबारीचा आंदोलित गंधार व्हायोलिन घेऊ शकतं, पण त्याच वेळी कीबोर्डवर ठोकळ गंधार वाजत असेल तर दोघांचं भांडण होणारच. आणि लूपच्या यंत्राला ठरावीक लय लागते, त्यामुळे पहिला बळी जातो आलापाचा. हल्ली लग्नाच्या स्वागतसमारंभात जे 'फ्यूजन' ऐकू येतं त्यात हेच होतं. रागाचं नाव, दोन मिनिटांची धावपळ आणि टाळ्या.

मग ते जमलं कुठे? १९७५च्या सुमारास 'शक्ती' या संचात जमलं. एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि जॉन मॅकलॉफ्लिन यांची गिटार. मॅकलॉफ्लिन यांनी आपल्या गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट करून घेतलं, तार दाबून मींड काढता यावी म्हणून! पाहुणा चार पावलं चालून आला. २०२४मध्ये याच संचाच्या नव्या अवताराला ग्रॅमी मिळालं. तेव्हा व्हायोलिनवर गणेश राजगोपालन होते आणि गायला आपले चेंबूरचे शंकर महादेवन. जो तो आपापल्या घरात मुरलेला होता, म्हणून दुसऱ्याच्या घरी जाऊन हरवला नाही. आमच्या आगाशीची सुकेळी कशी होतात, हे इथल्या कुणालाही विचारा. राजेळी केळं आधी पुरतं पिकावं लागतं, मग ऊन. कच्चं केळं कितीही उन्हात ठेवा, त्याचं सुकेळं होत नाही.

आता एक कबुली. १९८९ साली मी एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. जवळच्याच गावातला एक तरुण आला होता. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, व्हायोलिनवर हात उत्तम. त्याला चांगलं व्हायोलिन, मायक्रोफोन आणि ध्वनियंत्रणा घ्यायची होती. आपली लग्नगीतं आणि विलायती वाद्यं एकत्र बांधून काहीतरी नवं करायचं म्हणत होता. मी विचारलं, "तारण काय?" तो म्हणाला, "साहेब, वाजवून दाखवू?" मी हसलो आणि अर्ज परत केला. नियमांत बसत नव्हतं हे खरं. पण वाजवून दाखव, म्हणायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. पुढे तो आखातात नोकरीला गेला. काही वर्षांनी एका बारशाला त्याच्या घरी जाणं झालं. व्हायोलिनची पेटी कपाटावर होती. मी ती उघडायला लावली. चारपैकी दोन तारा तुटलेल्या होत्या. तो मात्र चहा आणायला आत गेला होता.

गोन्साल्विसांचा वाद्यवृंद काळानं थांबवला असेल. या मुलाचा मी थांबवला. परंपरेचं रक्षण म्हणून आपण जे नाकारतो त्यातलं बरंचसं नुसतं न ऐकता नाकारलेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून या वेळी अर्जदाराला म्हटलं, वाजवून दाखव. ती तिघं रविवारी आमच्या ओटीवर बसली. पहिली वीस मिनिटं तिनं एकटीनं यमनचा आलाप केला, यंत्र बंद ठेवून. ही अट माझी. मग गिटारवाल्यानं कॉर्ड धरल्या. दोनदा निषाद पाय पसरून बसला. तिसऱ्या वेळी नातच थांबली आणि त्याला म्हणाली, "इथे काही वाजवू नकोस, नुसता सा धरून ठेव." त्यानं धरला.

पैसे मी दिले. आलापाची अट मात्र कायम आहे, आणि तळ्याकाठची मंडळी येत्या रविवारी ऐकायला येणार आहेत.