गाडीला नवा हॉर्न लावला, वॉरंटी गेली का?



दसरा-दिवाळीच्या सुमारास मार्केट यार्डात कापूस यायला लागला की आदिलाबादच्या रस्त्यांवर नव्या गाड्याही दिसायला लागतात. हार घालून झाला, नारळ फोडून झाला, लिंबू-मिरची बांधून झाली की पुढचा मुक्काम ॲक्सेसरीजच्या दुकानात. काही जण त्यासाठी खास नागपूर गाठतात, काही हैदराबाद. मोठी स्क्रीन, डबल हॉर्न, जास्त उजेडाचे दिवे, पुढे लोखंडी गार्ड. आणि घरात दोन आवाज असतातच. बाबा म्हणतात, "बाहेरचं काही लावू नको, वॉरंटी जाते." धाकटा म्हणतो, "काही होत नाही, सगळेच लावतात."

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सिस्टीम बंद पडली की सपोर्टचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडून काही बदललं का?" ग्राहक "हो" म्हणाला म्हणून आमची जबाबदारी तिथेच संपत नाही. त्या बदलामुळेच बिघाड झाला का, हे लॉग काढून बघावं लागतं. गाडीच्या वॉरंटीचाही खरा प्रश्न एवढाच आहे. बदल केला का, हा नव्हे. बिघाड त्या बदलामुळे झाला का, हा.

हे फक्त माझं मत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा असे सगळे मोठे त्यात होते. तक्रार अशी होती, की सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळूच दिली जात नाहीत. त्या आदेशात आपल्या कामाची एक गोष्ट आहे: बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात म्हणून सगळी वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट कंपनीने घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्या पुढे अपिलात आणि कोर्टात गेल्या. शिवाय आदेश दुरुस्तीबद्दल आहे, ॲक्सेसरीजबद्दल नाही. त्यामुळे हा कागद काउंटरवर ठेवला की काम फत्ते, असं समजू नका. पण युक्तिवाद हाच करायचा. अमेरिकेत यासाठी 1975 पासून वेगळा कायदा आहे, मॅग्नसन-मॉस नावाचा. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून आपल्याला जास्त सावध राहावं लागतं.

आता धाकट्याची बाजू कुठे पडते ते बघू. उटनूरकडच्या जंगलातल्या रस्त्यावर रात्री उजेड कमी पडतो, हे खरं. म्हणून 60 वॅटचा बल्ब काढून 100 वॅटचा बसवला जातो. हिशोब शाळेतलाच आहे. 12 व्होल्टवर 60 वॅटला 5 अँपिअर लागतात, 100 वॅटला 8 च्या वर. दोन दिव्यांचे मिळून 10 चे जवळजवळ 17 झाले. वायर मात्र तीच, स्विच तोच. फ्यूज उडायला लागला की दुकानदार मोठा फ्यूज टाकून देतो, आणि मग फ्यूजऐवजी वायर तापते. ही वायरिंग जळाली तर वॉरंटी नाकारणाऱ्या कंपनीचं काही चुकलं, असं मी तरी म्हणणार नाही. मूळ वायर कापून, पिळून, टेप मारून केलेला प्रत्येक जोड म्हणजे उद्याच्या भांडणात समोरच्याच्या हातात दिलेला पुरावा. कपलरला कपलर जोडून केलेलं काम त्यामानाने बरं. ते काढलं की गाडी पुन्हा जशीच्या तशी होते.

माझ्या आतेभावाने असंच कपलरवालं काम करून बाहेरची स्क्रीन लावली होती. दीड वर्षाने एसीचा कॉम्प्रेसर गेला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बाहेरचं काम आहे, वॉरंटी बसणार नाही. त्याने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "स्क्रीनमुळे कॉम्प्रेसर कसा गेला आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या अटीत हे बसतं, ते जॉब कार्डवर लिहून द्या." लिहून कोणी दिलं नाही. दोन दिवसांनी फोन आला, कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलतोय म्हणून.

इंजिनची ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून घेणाऱ्यांना मात्र मी हा उपाय सुचवणार नाही. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं की कळत नाही, असं दुकानात सांगतात. बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा सॉफ्टवेअर टाकलं याची नोंद राहते. इंजिन आणि गिअरबॉक्स हेच वॉरंटीतले सगळ्यात महागडे भाग; त्यांच्यावरच पाणी सोडायचं का, ते तुम्हीच ठरवा.

लोखंडी गार्डचा प्रश्न तर वॉरंटीच्याही पलीकडचा आहे. धडकेत बंपर आणि पुढचा भाग कसा दबतो, त्या हिशोबाने एअरबॅगचे सेन्सर बसवलेले असतात. मध्ये गार्ड आला की तो हिशोब बिघडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. राष्ट्रीय महामार्ग 44 वर घरची चार माणसं घेऊन जाताना एअरबॅग वेळेवर उघडणं जास्त गरजेचं, की गार्डची चमक?

सीएनजी किट बाहेरून बसवणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटी, आरसी आणि विमा ही तीन वेगवेगळी दारं आहेत. एका ठिकाणी चाललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी चालेल असं नाही. कुठलंही काम करून घेतलंत तर पक्कं बिल मागा, काम करण्याआधी आणि नंतर वायरिंगचे फोटो काढा, काढलेला मूळ भाग घरी जपून ठेवा.

आणि एवढं करूनही कोणी तोंडी "नाही" म्हणून बोळवण करत असेल, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते. गाडी हैदराबादला घेतली असली तरी तिकडे खेटे घालायला नकोत, आदिलाबादहूनच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे. गाडीची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.