मोजणी तरुणांच्या हाती द्या, पण शिकवून

पल्स पोलिओ मोहिमेत दारावर खडूने लिहिलेले ‘पी’ आणि ‘एक्स’ अनेकांना आठवत असतील. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या बालकांना डोस मिळाला की ‘पी’, एखादे राहिले की ‘एक्स’. डोस पाजणारे पथक पुढे गेले की मागून दुसरीच माणसे येत. ‘पी’ लिहिलेल्या घरातही ती डोकावत आणि बालकांच्या डाव्या करंगळीवरची शाई पाहत. शाई नसलेली मुले सापडली की तो भाग पुन्हा पिंजून काढला जाई. या फेरतपासणीत ठिकठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थीही असत. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. श्रेय लसीला मिळाले, ते योग्यच. पण लस खरोखर पोहोचली की नाही हे लस पाजणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी जाऊन पाहिले, याचाही त्यात मोठा वाटा आहे.

विकासकामांच्या भाषेत याला संनियंत्रण आणि मूल्यमापन म्हणतात. शब्द जड आहेत, अर्थ सोपा आहे. ठरलेले काम होते आहे का, आणि त्याने लोकांच्या जगण्यात काही फरक पडला का, एवढेच दोन प्रश्न. युनिसेफसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांपासून आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांनाच ते लागू आहेत. आणि या कामात जगभर तरुण स्वयंसेवकांची मदत घेतली जाते. आपल्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले हजारो विद्यार्थी दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना जातात. रस्ते झाडतात, शोषखड्डे खणतात, प्रभातफेरी काढतात. त्यांना मोजायलाही शिकवावे, असे माझे म्हणणे आहे. मात्र त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतील. त्या पाळायच्या नसतील तर मोजणी न केलेलीच बरी.

मेळघाटाने शिकवलेले

वऱ्हाडाला हा विषय नवा नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९० च्या दशकात सारा महाराष्ट्र हादरला. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेचे स्वयंसेवक १९९७ पासून पावसाळ्यात मेळघाटातल्या गावांमध्ये येऊन राहू लागले. यातले बहुतेक डॉक्टर नव्हते. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरदार. घरोघर जायचे, मुलांची विचारपूस करायची, आजारी मूल दिसले तर दवाखान्यापर्यंत पोहोचवायचे, असे हे काम. पावसाळ्यात रस्ते तुटतात, जुलाब आणि न्यूमोनिया वाढतात आणि घरातले धान्य संपत आलेले असते. नेमक्या त्याच काळात कुणीतरी दारात येणे, याला वैद्यकीय महत्त्व आहे.

दुसरे उदाहरण ‘कोवळी पानगळ’ या अहवालाचे. डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातले जन्म आणि बालमृत्यू गावपातळीवर नीट नोंदवले आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे त्यातून पुढे आले. त्यावर वाद झाला, समिती नेमली गेली, धोरणे बदलली. जन्मून काही तासांत गेलेले बाळ सरकारी वहीत ‘मृत जन्म’ म्हणून जाते किंवा नोंदवलेच जात नाही, हे तोवर आरोग्य खात्यातल्या अनेकांना ठाऊक होते. ते आकड्यांत मांडले गेले तेव्हाच ते नाकारणे अवघड झाले.

तिसरे उदाहरण लोकाधारित देखरेखीचे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत हा उपक्रम सुरू झाला आणि त्यात अमरावती होता. गावातल्या लोकांनी उपकेंद्राची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करायची. नर्स येते का, औषधे मिळतात का, पैसे मागितले जातात का, याची उत्तरे हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत भरायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायची. आकडे गावातच वाचून दाखवले जात, हे त्यातले सर्वांत मोलाचे.

पाहणी राज्याची, प्रश्न गावाचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी आहेत. चौथ्या फेरीत हडकुळ्या मुलांचे प्रमाण नेमके एवढेच होते. म्हणजे मधल्या चार-पाच वर्षांत आपण जागचे हललो नाही. हे सर्वेक्षण विश्वासार्ह आहे, पण एका जिल्ह्यात ते हजाराच्या आतच घरे पाहते. अमरावतीचा आकडा त्यातून मिळतो. धारणी तालुक्याचा मिळत नाही, आणि एखाद्या गावाचा तर नाहीच.

गावाचा आकडा अंगणवाडी सेविका भरते. ती मुलांना खाऊ घालते, वजन घेते, वही लिहिते, २०२१ पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकरही भरते. आकडा वाईट आला की विचारणाही तिलाच होते. ज्याच्या कामाची परीक्षा आहे त्यालाच पेपर तपासायला दिला, तर गुण कसे पडणार? यात सेविकेचा दोष नाही, व्यवस्थेची रचनाच तशी आहे. म्हणून अधूनमधून वेगळ्या हातांनी वजन-उंची घेणे गरजेचे आहे.

हे काम विद्यार्थ्यांना जमेल का, या शंकेचे उत्तर शिक्षणक्षेत्राने दिले आहे. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. एका जिल्ह्यात ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे, आणि घरी जाऊन मुलांना वाचायला लावणारे स्थानिक महाविद्यालयांतले तरुण. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, हा प्रश्न त्यांनी देशापुढे ठेवला. हीच पद्धत २००९ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडाने ‘उवेझो’ या नावाने उचलली. ‘असर’मध्ये स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण मिळते आणि त्यांनी भरलेल्या काही अर्जांची फोनवर आणि गावात जाऊन फेरतपासणी होते. भरवसा या फेरतपासणीमुळे येतो, केवळ तरुणांच्या उत्साहामुळे नाही.

मोजणे हे कसब आहे

मुलाचे वजन आणि उंची घेणे सोपे वाटते, पण तसे नाही. दोन वर्षांखालचे मूल आडवे ठेवून लांबी घ्यायची, त्यापुढचे उभे करून उंची. आडव्या आणि उभ्या मापात साधारण ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो. टाच उचललेली, गुडघा वाकलेला, केसांचा बुचडा मध्ये आलेला, एवढ्यानेही माप चुकते. एक-दोन सेंटीमीटरच्या चुकीने तीव्र कुपोषित मूल कागदावर बरे दिसू शकते. दंडाचा घेर डाव्या दंडाचा घ्यायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, पट्टी ना सैल ना आवळलेली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आला तर ते तीव्र कुपोषित. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर वजन कितीही येवो, मूल धोक्यात आहे. सुजेचे पाणी वजन वाढवते, हे न शिकवलेल्या स्वयंसेवकाला कसे कळावे?

वयाचीही अशीच गोष्ट. जन्माचा दाखला नसेल तर आई अंदाजे सांगते आणि अर्जावर १२, २४, ३६ महिन्यांचीच गर्दी होते. त्यासाठी होळी, पोळा, दिवाळी यांच्या आगेमागे विचारून जन्माचा महिना काढावा लागतो. मेळघाटात हे कोरकूत विचारता आले तर उत्तर अधिक खरे मिळते. म्हणून धारणी, चिखलदरा, परतवाड्याच्या महाविद्यालयांत शिकणारी कोरकू मुले-मुली या कामात सर्वांत पुढे हवीत. बाहेरून आलेल्याला वाट दाखवण्यापुरती नव्हे, पथकप्रमुख म्हणून.

घरबसल्या भरलेले अर्ज ओळखता येतात. सगळ्या मापांचा शेवटचा अंक शून्य किंवा पाच येऊ लागला की समजावे, माप घेतलेले नाही, अंदाज लिहिला आहे. दहातल्या एका घरी दुसऱ्याच दिवशी प्राध्यापकाने किंवा आरोग्य सेवकाने जाऊन पुन्हा माप घ्यावे. ही तपासणी होणार हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.

आणि कुलूप लावलेली घरे सोडू नयेत. खरीप आटोपला की मेळघाटातली कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि पुष्कळशी होळीला परततात. जानेवारीतल्या शिबिरात भेटतात ती गावात राहिलेली मुले. वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर आईबरोबर गेलेले मूल बहुधा अधिक अशक्त असते आणि तेच मोजणीतून सुटते. अशा घरांची वेगळी यादी करून होळीच्या आठवड्यात पुन्हा जावे.

मोजले, मग पुढे काय?

डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी अट ही आहे. पट्टी लाल दाखवते आणि स्वयंसेवक आकडा लिहून पुढच्या घरी जातो, हे चालणार नाही. रक्तदाब २०० आला म्हणून नुसता कागदावर लिहून रुग्णाला घरी पाठवणारा डॉक्टर आपण सहन करू का? तीव्र कुपोषित मुलाला जुलाब किंवा न्यूमोनिया झाला तर जिवाचा धोका धडधाकट मुलाच्या कितीतरी पट असतो. म्हणून मोजणीच्या दिवशीच आशा ताईला कळवायचे, मूल जेवत नसेल, तापलेले, सुजलेले किंवा मलूल असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे, आणि आठ दिवसांनी त्या घरी पुन्हा चौकशी करायची. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करताना आईची बुडणारी मजुरी आणि घरी राहिलेली भावंडे यांचाही विचार करावा लागतो, नाहीतर ती दोन दिवसांत परत जाते. ही साखळी तयार नसेल तर मोजणी पुढे ढकला.

दुसरी अट, आकडे गावात परत यावेत. ग्रामसभेत मुलांची नावे न घेता गावाचे चित्र सांगावे. मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणे पूर्णपणे बंद. कुपोषित लेकराचा फोटो ही कुणाच्याही सेवेची पावती नव्हे.

तिसरी अट अधिकाऱ्यांसाठी. विद्यार्थ्यांच्या मोजणीत कुपोषण जास्त निघाले म्हणून अंगणवाडी सेविकेला नोटीस गेली, तर पुढच्या वर्षी आकडे सुंदर येतील आणि मुले तशीच राहतील. जास्त आकडा निघाला तर त्या गावाला काटा, आहार आणि डॉक्टरची भेट आधी मिळावी. खरे सांगण्याचा फायदा दिसला तरच माणसे खरे सांगतात.

चौथी अट विद्यार्थ्यांसाठी. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. एसटीचे भाडे, जेवण, मुक्कामाची सुरक्षित सोय, अपघात विमा आणि अहवालावर नाव, एवढे त्यांचे हक्काचे आहे. मुलींना एकट्याने वस्तीवर पाठवू नये. आणि विद्यार्थी मिळाले म्हणून रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, अशी सोय कुणी पाहू नये.

अकोल्यातही हेच करता येईल

हे फक्त मेळघाटापुरते नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट आहे आणि मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त २०००, असे भारतीय मानक सांगते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी गावात राहतातच. त्यांनी या महिलांसोबत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा पाणी तपासले आणि नळाला किती दिवसांनी पाणी येते हेही लिहिले, तर कोणते गाव पुन्हा बोअरचे पाणी पिऊ लागले आहे ते वेळेत कळेल. रुग्ण आमच्याकडे मूत्रपिंड निकामी होऊन येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माणसे आपल्याकडे आहेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांत सेवा योजनेची पथके आहेत. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीतही २०२४ मध्ये सुरू झाले. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावातली कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. या सगळ्यांना एकत्र बसवणारे कुणी नाही, एवढीच उणीव आहे.

हिवाळी शिबिरांची गावे ठरण्याआधी प्राचार्यांनी तालुका आरोग्य अधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना एकदा भेटावे. दोन दिवसांचे मापनाचे प्रशिक्षण, तपासून घेतलेले वजनकाटे, एक गाव, आणि त्याच गावात लागोपाठ तीन वर्षे जाण्याचे वचन, एवढ्याने सुरुवात होईल. दरवर्षी नवे गाव घेतले तर शिबिरांची संख्या वाढते. त्याच गावात परत गेले तरच मागच्या वर्षी लाल पट्टीत आलेले मूल आज कुठे आहे, ते विचारता येते.