डिंभ्याच्या वरचं पाणी

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांना पाण्याचा हक्क द्या म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला असतो: तिथं तर धो-धो पाऊस पडतो, हक्क मागायचाच तर दुष्काळी भागानं मागावा. आहुपे-भीमाशंकरच्या माथ्यावर पाऊस कोसळतो हे खरं आहे. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. वर मातीचा पातळ थर, खाली काळा कातळ. भेगाळलेल्या खडकाखाली अभंग कातळ लागला की मुरलेलं पाणी झरा होऊन बाहेर येतं. त्या झऱ्यावर वाडी जगते. उन्हाळा चढला की धार बारीक होते आणि बायका डवऱ्यात पाणी साचायची वाट बघत हंडे घेऊन बसतात. इथला पाऊस साठवावा लागतो, हे सातवाहनकाळात ठाऊक होतं. नाणेघाटात टाकी खोदली गेली, आणि इरिल नावाच्या यवनानं शिवनेरीवर दोन टाकी दान दिल्याचा शिलालेख आजही वाचता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वरच्यांनी पाणी अडवलं तर खालच्यांनी काय करायचं? घोड नदीवरचं डिंभे धरण कुकडी प्रकल्पाचा मोठा आधार आहे, आणि प्रकल्पाचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत जातं. तिथला शेतकरी चैनीसाठी पाणी मागत नाही, त्याची भीती मला समजते. पण हिशेब मांडून बघू. जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी रोज 55 लिटर धरले, तर 500 वस्तीच्या वाडीला वर्षाला साधारण 1 कोटी लिटर लागतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. अशा शंभर वाड्यांची तहान वर्षभर भागवली तरी एका टीएमसीचा अठ्ठाविसावा हिस्सा लागेल, आणि एकट्या डिंभ्याची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी आहे. एवढ्यानं करमाळ्याचं पीक वाळणार नाही. शिवाय या धरणासाठी भातखाचरं कुणाची गेली? ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगावच जलाशयाच्या तळाशी आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला अर्धा मान्य आहे. खोऱ्यातलं पाणी कड्यावरच्या वाडीपर्यंत उपसायचं तर विजेचं बिल ग्रामपंचायतीला झेपत नाही आणि पंप बिघडला की योजना बंद. पण यावरून वाडीला टँकरवर सोडून द्यावं, हा निष्कर्ष कसा निघतो? वाडीच्या वरच्या अंगाला झरा असेल तर पाणी आपल्या वजनानं खाली येतं. अडचण आहे ती मालकीची. झरा बहुधा वनखात्याच्या हद्दीत, आणि भीमाशंकर तर 1985 पासून अभयारण्य.

म्हणून माझं म्हणणं असं, की नळयोजनेच्या आधी झऱ्यावर आणि त्याच्या पाणलोटावर वाडीच्या ग्रामसभेचा हक्क नोंदला जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथं 1996 च्या पेसा कायद्यानं लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे दिलं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या कलम 3(2) नं ग्रामसभेच्या शिफारशीवर पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळू शकते, तर कलम 5 नं पाणलोट आणि जलस्रोत सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे.

लोकांना हे सांभाळता येईल का, असं विचारणाऱ्यांनी पडकई बघावी. डोंगरउतार फोडून, बांध घालून भाताची खाचरं तयार करायची, आणि तीही एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबून, ही महादेव कोळ्यांची जुनी रीत आहे. वाटपासाठी पुरंदरचा धडा आहे. विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणसांच्या संख्येवर दिलं आणि भूमिहीनालाही वाटा ठेवला. डोंगरावर तोच नियम लागू करावा: आधी पिणं, मग गुरं, मग परसातला भाजीपाला, आणि उरलेलं सगळं ओढ्यानं खाली डिंभ्यात जाऊ द्यावं.