रात्रीच्या शांततेचे मोल

विमानतळ साऱ्या देशाच्या सोयीसाठी असतो. त्याचा गोंगाट मात्र शेजारी राहणाऱ्या थोड्यांच्याच वाट्याला येतो. ही विषम वाटणी जेव्हा सरकारच करते, तेव्हा त्या उपद्रवाचे उत्तरदायित्वही सरकारने पत्करावयास नको काय? जपानमधील ओसाका विमानतळाच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता.

या विमानतळावर १९६४ साली जेट विमाने येऊ लागली आणि १९६९ साली शेजारच्या कावानिशी शहरातील रहिवाशांनी सरकारवर दावा लावला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाईचा हक्क मान्य केला. सार्वजनिक वास्तू आपले काम चोख बजावीत असली, तरी तिच्या वापराने शेजाऱ्यांस असह्य त्रास होत असेल, तर तोही तिच्या व्यवस्थेतील दोषच होय, असा अर्थ न्यायालयाने राज्य-भरपाईच्या कायद्यातून काढला. लोकहिताची सबब सरकारच्या कामी आली नाही, हे योग्यच झाले. लोकहिताचा खर्च लोकांनी मिळून सोसावयाचा असतो. तो काही घरांच्या झोपेतून वसूल करावयाचा नसतो.

परंतु या निकालाला दुसरी बाजूही आहे. रात्री ९ ते सकाळी ७ पर्यंत उड्डाणे बंद ठेवावीत, हा वरिष्ठ न्यायालयाचा १९७५ चा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि भावी काळाची भरपाईही नाकारली. म्हणजे काल मोडलेल्या झोपेचे पैसे मिळाले. उद्याच्या झोपेची हमी मात्र मिळाली नाही. गोंगाट चालू ठेवून केवळ पैसे मोजण्याची मुभा असेल, तर भरपाई ही शिक्षा न राहता परवान्याची फी बनते. आणि ती फी सरकारी तिजोरीतून, म्हणजे अंशतः पीडितांच्याच करांतून, भरली जाते.

तथापि खटला व्यर्थ गेला नाही. ओसाका येथे आजही सकाळी ७ ते रात्री ९ एवढ्याच वेळात विमाने ये-जा करतात, आणि १९९४ साली सुरू झालेला कान्साई विमानतळ वस्तीपासून दूर, समुद्रातील कृत्रिम बेटावर बांधण्यात आला. कायदेशीर दायित्वाचे खरे सार्थक यातच आहे. धावपट्टीची रेघ नकाशावर ओढण्यापूर्वीच शेजाऱ्यांच्या झोपेचा हिशेब मांडणे सरकारला भाग पडले पाहिजे. नंतर दिलेला धनादेश ही त्या चुकलेल्या हिशेबाची केवळ कबुली होय.