विश्लेषण : बिल्ड फसला? शेवटची ओळ सोडा, पहिली एरर शोधा!

सॉफ्टवेअरचा बिल्ड मध्येच थांबला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. स्क्रीनवरच्या शेवटच्या चार-पाच ओळी कॉपी करायच्या, त्या एआय चॅटबॉटला किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायच्या आणि उत्तरात आलेली कमांड चालवून मोकळे व्हायचे. खरी मेख इथेच आहे. त्या शेवटच्या ओळींमध्ये बिघाडाचे कारण बहुतेक वेळा नसतेच. मग सुरू होतो ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असा प्रकार. हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते जेंटू लिनक्समध्ये. म्हणूनच ज्यांना जेंटू कधीच वापरायचे नाही, त्यांनीही त्याचे बिल्ड का फसतात हे समजून घ्यायला हवे.

जेंटू वेगळे कसे?

उबुंटूसारख्या लिनक्समध्ये सॉफ्टवेअर तयार स्वरूपात डाऊनलोड होते. दुकानातून पिठाची पिशवी आणावी तसे. जेंटूमध्ये गहू घरी येतो आणि दळण तुमच्याच संगणकावर होते. म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड उतरवला जातो आणि कम्पायलर त्याचे रूपांतर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये करतो. कोणत्या सुविधा हव्यात आणि कोणत्या नकोत, हे ‘यूज फ्लॅग’ नावाच्या खुणांनी ठरवता येते.

डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. वेगाने पोहणाऱ्या जेंटू पेंग्विनवरून तिला हे नाव मिळाले. हे दळण सांभाळणाऱ्या व्यवस्थेला ‘पोर्टेज’ म्हणतात. गूगलच्या क्रोमओएसच्या बांधणीतही पोर्टेज वापरले जाते. त्यामुळे हा केवळ हौशी मंडळींचा खेळ नाही.

शेवटची ओळ दिशाभूल का करते?

आजच्या संगणकात आठ-सोळा कोअर असतात आणि बिल्ड त्या सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावतो. समजा, आठ फाईल्स एकदम कम्पाईल होत आहेत आणि त्यातली तिसरी फसली. बाकीच्या सात लगेच थांबत नाहीत. हातातले काम पूर्ण करतात आणि आपापले संदेश छापत राहतात. खरी एरर त्या ढिगाऱ्याखाली गाडली जाते.

त्यानंतर ‘मेक’ हा प्रोग्राम सांगतो की काहीतरी फसले. मग पोर्टेज लाल अक्षरांत सांगतो की ‘मेक’ फसले. आपण कॉपी करतो ती ही लाल ओळ. तिच्यात एवढेच कळते की बिल्ड झाला नाही, आणि ते तर आपल्याला आधीच माहीत असते!

म्हणून पहिला नियम सोपा आहे. बिल्ड फसल्यावर पोर्टेज ‘बिल्ड डॉट लॉग’ या फाईलचा पूर्ण पत्ता स्वतःच छापतो. ती फाईल उघडा, ‘एरर’ हा शब्द कोलनसह शोधा आणि वरून खाली येताना सापडलेली पहिली एरर वाचा. पुढच्या पन्नास एरर अनेकदा त्या एकीचीच पिल्ले असतात.

नेहमीची कारणे कोणती?

मेमरी संपणे : लॉगमध्ये ‘किल्ड’ असा शब्द दिसला, तर कोडला दोष देण्याआधी रॅम तपासा. मेमरी संपत आली की लिनक्सचा कर्नल सर्वाधिक मेमरी खाणारा प्रोग्राम मारून टाकतो आणि बिल्डच्या वेळी तो बहुधा कम्पायलरच असतो. जेंटूचा सर्वसाधारण सल्ला एका समांतर कामामागे २ जीबी रॅम धरा, असा आहे. म्हणजे सोळा कोअर पण ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर एकदम सोळा नव्हे, चारच कामे लावावीत.

जागा संपणे : ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ याचा अर्थ शब्दशः घ्यावा. गंमत अशी की डिस्कवर भरपूर जागा असतानाही हा संदेश येऊ शकतो. बिल्डचे तात्पुरते फोल्डर काही जण वेगासाठी रॅममध्ये ठेवतात आणि ते भरलेले असते.

फाईल किंवा लायब्ररी न सापडणे : ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ असे दिसले, तर एखादी लायब्ररी नाही किंवा ती हव्या त्या यूज फ्लॅगशिवाय तयार झाली आहे, अशी शक्यता असते. बिल्ड ‘कॉन्फिगर’ या टप्प्यावरच अडला असेल, तर ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही वेगळी फाईलही पाहावी लागते.

क्रमाची गफलत : एकदम अनेक कामे लावली की बिल्ड फसतो आणि एकेक काम लावले की पार पडतो, असे झाले तर दोष बहुधा त्या सॉफ्टवेअरच्या बांधणीच्या सूचनांमध्ये असतो. दुसऱ्या कामाला लागणारी फाईल पहिल्या कामाने अजून तयारच केलेली नसते. ही गोष्ट मूळ विकासकांना कळवायला हवी.

हार्डवेअरचा बिघाड : कम्पायलर दर वेळी वेगळ्याच फाईलवर कोसळत असेल, तर कोडवर संशय घेऊ नका. खराब रॅम किंवा तापलेला प्रोसेसर हे कारण असू शकते. तासन्‌तास चालणारा बिल्ड ही संगणकाची कसून परीक्षाच असते.

कालपर्यंत चालणारा कोड आज का अडतो?

याचे उत्तम उदाहरण मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ या कम्पायलरचे. सी भाषेत एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरण्याची सवलत १९९९ च्या प्रमाणकातच काढून टाकली होती. पण जुना कोड अडू नये म्हणून कम्पायलर इशारा देऊन सोडून देत असे. जीसीसी १४ ने त्या इशाऱ्याची एरर केली. पंचवीस वर्षे खपून गेलेला कोड अडू लागला. पुढे २०२५ मध्ये जीसीसी १५ ने सी२३ हे नवे प्रमाणक मूळ निवड म्हणून स्वीकारले. त्यात ‘बूल’ हा भाषेचाच राखीव शब्द झाला. ज्या जुन्या प्रोग्रामांनी ‘बूल’ची स्वतःची व्याख्या केली होती, ते अडखळले.

अशा वेळी सर्वांत सोपा सल्ला मिळतो तो म्हणजे एक पर्याय जोडून एररला पुन्हा इशाऱ्याच्या जागी बसवा. बिल्ड पूर्ण होतो, सगळे खूश. पण फंक्शन जाहीर नसेल, तर कम्पायलर असे धरून चालतो की ते साधा पूर्णांक परत देते. प्रत्यक्षात ते मेमरीतला पत्ता देत असेल, तर ६४ बिटच्या संगणकावर त्या पत्त्याचा अर्धा भाग कापला जाऊ शकतो. मग प्रोग्राम तयार होताना नव्हे, वापरताना कोसळतो. तेव्हा समोर विकासक नसतो, सामान्य वापरकर्ता असतो.

बिल्ड ‘यशस्वी’ झाला म्हणजे झाले का?

तसेही नाही. ‘कॉन्फिगर’च्या टप्प्यावर छोटे चाचणी-प्रोग्राम कम्पाईल करून संगणकात कोणती सुविधा आहे हे पाहिले जाते. तो चाचणी-प्रोग्रामच जुन्या पद्धतीने लिहिलेला असेल, तर कडक कम्पायलर त्याला नापास करतो. सुविधा असूनही ‘नाही’ अशी नोंद होते. बिल्ड हिरव्या अक्षरांत पार पडतो आणि प्रोग्राममधून ती सुविधा गुपचूप गायब झालेली असते. पोर्टेज अशा नोंदी शोधून इशारा देतो, पण तो वाचणारे कुणी तरी हवे ना!

बारीक खुणांकडे पाहण्याची सवय किती मोलाची असते, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. एक्सझेड या फाईल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट दडवलेली होती आणि ती बिल्डच्या वेळीच आत शिरत होती. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. एसएसएचने लॉगइन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढीच शंका त्यांना आली होती. त्यांनी ती झटकून टाकली नाही.

पण आता याची गरज काय?

हा आक्षेप रास्त आहे. जेंटूनेही डिसेंबर २०२३ पासून तयार पॅकेजेसची सोय वाढवली आहे. ब्राउझरसाठी प्रत्येकाने तासन्‌तास प्रोसेसर तापवावा, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. पण पीठ तयार मिळाले, तरी दळण कुठेतरी झालेलेच असते. आपल्या फोनमधले प्रत्येक ॲप कुठल्या तरी सर्व्हरवर बिल्ड होते. तिथे तो फसला की लॉग वाचण्याचे काम आयटी कंपनीत नुकत्याच लागलेल्या मुला-मुलींकडेही येते.

आणि नेमके हेच आपल्याकडे शिकवले जात नाही. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलचे जर्नल आठवा. उद्दिष्ट, थिअरी, प्रोग्राम, आउटपुट, निष्कर्ष. यात एररला जागाच नाही. आउटपुट आले की सही मिळते आणि नाही आले तर शेजारच्याचे आउटपुट चिकटते. चार वर्षांत विद्यार्थी हेच शिकतो की एरर ही लपवायची गोष्ट आहे. मग नोकरीत तो तेच करतो. इशारा बंद करतो, चाचणी वगळतो, एआयने दिलेली कमांड सुडो लावून चालवतो.

एआयला विचारू नये, असे अजिबात नाही. पण त्याला शेवटच्या पाच ओळी दिल्या, तर तोही अंदाजच बांधणार. पहिली एरर, तिच्या आधीच्या काही ओळी, कम्पायलरची आवृत्ती आणि ‘इमर्ज इन्फो’ या कमांडचे आउटपुट दिले, तर एआयच काय, जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला स्वयंसेवकही नेमके उत्तर देऊ शकतो. जेंटूचे बरेच काम असे स्वयंसेवक फावल्या वेळात करतात. अर्धवट माहिती देऊन त्यांचा वेळ खाणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

भाषेची धास्तीही अनेकांना मागे खेचते. जेंटूमध्ये लॉग इंग्रजीतच ठेवावा, अशी सूचना असते, म्हणजे जगभरात कुणालाही तो वाचता येतो. ही इंग्रजी फार अवघड नसते. कोणती फाईल, कितवी ओळ, काय सापडले नाही, एवढेच त्यात असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ती नक्कीच जमते. फक्त कुणी तरी शेजारी बसून दोन-चार लॉग वाचून घ्यायला हवेत.

त्यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा महागडी लॅब लागत नाही. प्रत्येक सत्रात एक प्रॅक्टिकल असे ठेवा, ज्यात शिक्षक मुद्दाम मोडलेला बिल्ड देतील. गुण आउटपुटला नकोत. पहिली एरर कोणती, ती कशामुळे आली आणि हे कसे पडताळले, या तीन प्रश्नांना गुण द्या. जर्नलमध्ये ‘आउटपुट’च्या वर ‘आलेल्या एरर’ असा एक रकाना वाढवायला फार तर एक ओळ लागेल.