पुंगळीतली टोपी आणि आपल्या माळ्यावरच्या पेट्या

मंडळी, पोस्ट लांब झाली आहे. पण तोंडवली, तळाशील, हडी, आचरा इथल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या रविवारी शेजारच्या घराच्या मागीलदारी ठाकठूक चालू होती. नारळ सोलत असतील असं वाटलं. जाऊन बघतो तर घरातला बावीस वर्षांचा झील पाट्यावर पितळेची पुंगळी धरून आत खिळा घालून ठोकतोय. बाजूला आणखी पाच. आणि त्याची सात वर्षांची पुतणी समोर उकिडवी बसून बघतेय.

"काकानू, ही टोपी काय केल्या भायर येना नाय. तीन खिळे मोडले."

"मेल्या, हातोडो आधी खाली ठेव."

मी नोकरीची सगळी वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी विभागात काढली. 1869 पासूनचा तो कारखाना. त्यामुळे पुंगळी हातात घेतल्याबरोबर बुडावरचे 'के एफ' छाप ओळखले. खडकीचाच माल, पॉइंट 303 चा. त्याचे चुलत आजोबा फौजेत होते, त्यांच्या ट्रंकेत सापडल्या म्हणाला. फायरिंगनंतर फौजेत खोके मोजून परत घेतात, तरी ह्या सहा इथपर्यंत कशा आल्या ते विचारायला आता आजोबा नाहीत.

टोपी का निघत नव्हती ते सांगतो, कारण ते चुकून झालेलं नाही. काडतुसाच्या बुडात मधोमध जी छोटी केप असते तिच्यावर घोड्याची टाचणी आपटली की ठिणगी आत जाते. हीच 303 ची काडतुसं ब्रेनसारख्या मशीनगनमध्येही चालत. भराभर गोळ्या सुटताना टोपी मागे सरकून बाहेर आली तर यंत्रात अडकणार आणि बंदूक ऐन लढाईत बंद पडणार. म्हणून सैन्याच्या काडतुसात टोपी बसवल्यावर भोवतालचं पितळ तिच्या कडेवर दाबून टाकतात. ती सुटू नये यासाठीच एवढा खटाटोप.

ह्याने अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेले. तिथे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणं हा सरळसरळ छंद आहे, दाबलेली कड काढायची हत्यारं दुकानात मिळतात. पण तिथल्या पुंगळीत टोपीखाली मधोमध एकच भोक असतं, आतून दांडा घातला की टोपी बाहेर. आपल्या 303 मध्ये मध्यभागी पितळेचा उंचवटा आणि त्याच्या बाजूला दोन बारीक भोकं. खिळा उंचवट्यावर आपटणार आणि वाकणार. गंमत म्हणजे एका भोकाची अमेरिकन म्हणवली जाणारी पद्धत बॉक्सर नावाच्या इंग्रजाची, आणि दोन भोकांची बर्डन नावाच्या अमेरिकन माणसाची. असो.

तर सहा पुंगळ्या मी उलट्या करून बघितल्या. पाचांच्या टोपीवर टाचणीचा खड्डा होता. सहावीची टोपी गुळगुळीत.

म्हणजे गोळी कधीतरी कोणी काढलेली, दारू ओतून टाकलेली, पण टोपी न फुटलेली. तिच्यातला मसाला चिमूटभरच असतो, पण तो ठोका बसला की पेटावा म्हणूनच बनवलेला असतो. जुना झाला, पाण्यात ठेवला म्हणजे मेला असं धरून चालत नाही. उडालेला पितळेचा कण डोळ्यात जायला पुरतो. पोरगी हातभर अंतरावर बसलेली होती. मी तिला आधी आत पाठवलं.

आता खरा मुद्दा. हा मुलगा काही गुंड नाही. त्यांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोरची बंदूक आहे. माकडं माडावर नारळ ठेवत नाहीत, डुकरं भात लोळवतात. बार काढून पळवायचं म्हटलं तर काडतूस महाग, आणि डुक्कर मारायचा तर वनखात्याची परवानगी वेगळी. त्यात 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती 6 जूनला उठली. काजू-आंब्याचा अख्खा हंगाम. मग ऑक्टोबरात भात कापणीला विधानसभेची. दोन्ही वेळा ह्यांची बंदूक जमा. प्रत्येक परवान्याची छाननी करून गरज असेल तीच बंदूक जमा करायची, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. यांच्या घरातल्या कुणावर साधी तक्रारही नाही. पोराच्या डोक्यात आलं, पितळेवर हात बसवू आणि मग बारा बोरची घरीच भरू.

ते मी त्याला साफ नाही म्हटलं. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. शिवाय अंदाजाने भरलेलं काडतूस नळीत फुटलं तर डुकराला काही होणार नाही, आपली बोटं जातील.

मग त्या सहा पुंगळ्यांचं काय? मी, तो आणि त्याचे वडील, तिघे पोलिसात देऊन आलो. हवालदार भला माणूस होता, पण कुठल्या नोंदीत घ्यायचं तेच कोणाला कळेना. कुठून आल्या, कोणाच्या, आधी का नाही दिल्या. साडेतीन तास. बाहेर पडताना वडील म्हणाले, "परत असा काय गावला तर खाडयेत टाकतलंय."

मला भीती ह्या वाक्याची वाटते. आपल्याकडे किती घरांत पणजोबांची ठासणीची बंदूक होती! बंदूक सरकारजमा झाली, पण दारूचं शिंग, केपांची डबी, दोन-चार जुनी काडतुसं माळ्यावर तशीच असतात. प्रामाणिकपणे द्यायला जाणाऱ्याला आरोपीसारखं बसावं लागलं तर कोणी देणार नाही. त्या वस्तू खाडीत जातील, तिथे कालवं काढणाऱ्या बायकांच्या हाताला लागतील. नाहीतर भंगारात जातील आणि तिथे दुसरा कोणी हातोडा घेऊन बसेल.

माझी मागणी साधी आहे. वर्षातून एक दिवस प्रत्येक ग्रामपंचायतीत पोलीस पाटलांमार्फत नोंद घ्यावी. कोणी वस्तू घेऊन यायचं नाही, फक्त घर सांगायचं. जाणकार माणूस घरी येऊन बघेल आणि नेईल. वारशात सापडलेलं स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई नाही, हे जिल्ह्याच्या वरिष्ठांनी लेखी द्यावं. ज्यांच्या हाती बंदूक जमा करण्याची यादी आहे त्यांनाच हेही करता येईल, आणि ती यादीही जरा माणूस बघून करता येईल.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. त्याआधी माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघा. काही दिसलं तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, पेटी बंद करा आणि सभेला या. रिकाम्या हाताने या.