एक जूनचे पहिलवान

सिरसाळ्यात तेरा वर्षांच्या पोराचं भविष्य ठरायला पाच मिनिटं लागतात. पारावरचं एखादं जाणतं माणूस त्याला जवळ बोलावतं, दंड दाबून बघतं, मनगटाभोवती आपली बोटं पुरतात का ते पाहतं, पाठीवर थाप मारतं आणि जाहीर करतं, "हाडापेरानं दणकट हाय. ह्याला तालमीत टाका." झालं. त्या दिवसापासून ते पोरगं पहिलवान.

यंदा दिवाळीला गावी गेलो तर माझ्या पुतण्याचा असाच निकाल लागलेला होता. वय तेरा, उंची पाच फूट पाच इंच, वजन एकसष्ट किलो, आवाज फुटलेला, ओठावर लव. बप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, नातवाला कोल्हापूरकडच्या एका तालमीत ठेवायचं पक्कं केलं होतं. दूध, तूप, बदाम, राहण्याचा खर्च, सगळा हिशेब तयार होता. पैसे कुठून आणणार, असं विचारलं तर म्हणाले, मुकादमाकडून यंदा जादा उचल घ्यायची. ही उचल फेडणार कोण? पोराचे आईबाप. दोघांचा मिळून एक कोयता. म्हणजे एका पोराच्या दंडाकडे बघून दोन माणसांची पुढची दोन-तीन वर्षं उसात गहाण पडणार.

मी विरोध केला. बप्पा म्हणाले, "इंजिनिअर झालास म्हणून तुला कुस्ती कळायला लागली का?"

नाही. कुस्ती मला कळत नाही. लहानपणी हगाम्यात रेवड्यांवरच्या कुस्तीत दोनदा उतरलो आणि दोन्हीदा आकाश बघितलं, एवढाच माझा अनुभव. पण तारखा मला कळतात. डेटाबेसमधल्या चुकीच्या तारखा शोधण्यात मी नोकरीची सहा वर्षं घालवली आहेत. आमच्या धंद्यात कुठल्याही नोंदीत १ जानेवारी १९७० दिसली की समजायचं, इथं खरी तारीख नाहीच; यंत्रानं रिकामी जागा शून्यानं भरली आहे. मराठवाड्यातल्या शाळांच्या रजिस्टरात हेच काम १ जून ही तारीख करते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला असायचा. माझाही कागदोपत्री १ जून १९९७. माझ्या चुलतभावाचा, बप्पांच्या धाकट्याचा, तोच दिवस, तेच साल. एकाच सकाळी दोघांना शाळेत घातलं आणि गुरुजींनी दोघांना एकाच दिवशी जन्माला घातलं. आजीच्या हिशेबानं मी ९७च्या संक्रांतीचा आणि तो ९५च्या पोळ्याचा. त्याचे आईबाप उसाला जायचे, म्हणून शाळेत बसायला त्याला उशीर झालेला. आमच्या दोघांत साधारण सतरा महिन्यांचं अंतर होतं. कागदावर एका मिनिटाचंही नव्हतं.

सतरा महिने म्हणजे पस्तिशीच्या माणसांत काहीच नाही. तेराव्या वर्षी तो माणूस आणि मूल यांतला फरक असतो. मुलगा सर्वांत झपाट्यानं वाढतो ते सरासरीनं चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण कुणाची ही उसळी बाराव्या वर्षीच येते, कुणाची सोळाव्याला. ताकद त्याच्या मागून येते, उंचीची उसळी ओसरता ओसरता. म्हणून तेरा वर्षांच्या दोन पोरांचे मनगटाचे एक्स-रे शेजारी ठेवले तर त्यांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक निघू शकतो, तोही दोघांच्या जन्मतारखा खऱ्या असताना. त्यात आमची १ जून मिसळा. आता सांगा, पारावरचा माणूस दंड दाबून नेमकं काय मोजतो? गुण मोजतो, की आधी आलेली मिशी?

याचा सर्वांत नीट अभ्यास झाला तो आपल्यापासून फार लांबच्या खेळात, कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत. हा धडकाधडकीचा खेळ, म्हणून तिथंही निवडणाऱ्यांची नजर आधी पोराच्या अंगावर जाते. तिथं वयोगटाची रेषा १ जानेवारीला आखलेली. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिलं, की वरच्या दर्जाच्या कुमार संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली पोरं ऑक्टोबर ते डिसेंबरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. जानेवारीत जन्मलेलं पोर डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठं, म्हणून थोराड, म्हणून निवडलेलं, म्हणून चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळालेलं. पुढं २०१३ साली व्यावसायिक लीगच्या निवडीवर अभ्यास झाला. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या खेळाडूंनी त्यांच्या निवडक्रमाच्या मानानं पुढं जास्त चांगला खेळ केला, असं त्यात आढळलं. म्हणजे ज्यांचं पोट खेळाडू हेरण्यावरच चालतं, ज्यांच्याकडे आकडे, चित्रफिती, डॉक्टर सगळं आहे, त्यांचीही नजर त्याच मिशीला फसते. मग पारावरची फसली तर नवल नाही. नवल आहे ते तिच्यावरच्या आपल्या विश्वासाचं.

माझ्या चुलतभावाचं काय झालं ते सांगितलंच पाहिजे, कारण बप्पा ते सांगत नाहीत. तेराव्या वर्षी तो आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या जत्रा मारायचा. नारळावरची कुस्ती, मग पन्नास रुपयांची, मग शंभराची. समोरचं पोरगं हाताला लागलं की कंबर धरायची, उचलायचं, आपटायचं. हलगीवाले त्याच्याभोवती नाचायचे. मी कडेला त्याचे कपडे धरून बसायचो. त्याला तालमीत पाठवलं. घरातलं दूध विकणं बंद झालं, पुढं म्हैसच विकली. त्याच्या बहिणीचं शिक्षण दहावीला थांबलं. त्याचा खुराक कुणाच्या ताटातून निघाला हे कुणी मोठ्यानं बोललं नाही.

तालमीत पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी बाकीची पोरं वाढली आणि हा वाढायचा थांबला. सोळाव्या वर्षी त्याची उंची तेराव्या वर्षापेक्षा जेमतेम इंचभर जास्त होती. आणि तेव्हा कळलं की त्याला पट काढता येत नाही. ज्या तीन वर्षांत अंगानं लहान पोरं पट, ढाक, एकलंगी घोटत होती, त्या तीन वर्षांत ह्याला एकाही डावाची गरज पडली नव्हती. ताकदीवर जिंकणाऱ्या पोराला कोण डाव शिकवणार आणि ते कशाला शिकणार? त्याच्या वाढीनं त्याला जिंकवलं आणि जिंकण्यानं त्याला अडाणी ठेवलं. एकोणिसाव्या वर्षी तो परत आला. आता टेम्पो चालवतो. कान मात्र पहिलवानाचे आहेत, मोडलेले.

त्याचं चुकलं, असं मी म्हणत नाही. तो सांगितलं तेवढं सगळं करत होता.

तरीही सांगितलं जातं की कुस्ती म्हणजे अंगच. बरं, मग हिशेब करू. भारताला आजवर ऑलिंपिकमध्ये कुस्तीत आठ पदकं मिळाली. खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, ५७ किलो. सुशील कुमार दोनदा, ६६ किलो. योगेश्वर दत्त ६०. साक्षी मलिक ५८. रवी दहिया ५७. बजरंग पुनिया ६५. अमन सेहरावत ५७. आठांत एकही पदक ६६ किलोच्या वर नाही. तीन तर ५७ किलोतच. आणि आपला सर्वांत मोठा मान कोणता? महाराष्ट्र केसरी. आजच्या नियमानं त्या किताबाची लढत ८६ ते १२५ किलोंत होते. म्हणजे ज्या वजनात देशानं जग गाठलं, त्या वजनाच्या मल्लाला महाराष्ट्राची गदा खांद्यावर घेताच येत नाही. गदा घेतलेल्याची हत्तीवरून मिरवणूक निघते, त्याची पोस्टरं लागतात आणि त्याच पोस्टरांवरून गावोगावची माणसं ठरवतात की पहिलवान कसा दिसतो.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पाटोद्याचा राहुल आवारे. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, ५७ किलोत. २०१९च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, ६१ किलोत. बीड जिल्ह्यानं मातीतून काढलेला एवढा मोठा मल्ल, आणि पारावर त्याचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी म्हणतं, "पण किलो कमी पडलं ना." कमी पडलं? कशाला कमी पडलं?

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टी तालुक्यात, मांडवा आहे. तिथला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला तेव्हा २०१५ साल होतं, म्हणजे तो विशीत आलेला होता. स्टीपलचेसकडे तर तो २०१७ साली वळला, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून. त्याआधी त्याचं वजन वाढलेलं होतं, ते उतरवावं लागलं. २०१८ साली त्यानं गोपाळ सैनींचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांश भागानं हुकलं. तेराव्या वर्षी त्याचा दंड दाबून कुणाला काय कळलं असतं? धावणं आणि कुस्ती वेगळी, हे मान्य. पण शरीर कधी काय देईल याचा निकाल तेराव्या वर्षी लागत नाही, हे दोन्हींत सारखंच आहे.

आता दुसरी बाजू. वस्तादांची नजर खोटी असते असं मी म्हणत नाही. चांगला वस्ताद पोराचा दंड बघतच नाही. एका वयस्क वस्तादांनी मला सांगितलं होतं, की ते नव्या पोराला आठवडाभर त्याच्याहून थोराड पोराशी लढवतात आणि तो चितपट झाल्यावर काय करतो ते बघतात. माती झटकून बाहेर जातो, का पुन्हा हात मिळवायला येतो? काल ज्या डावानं पडला, त्याच डावानं आज पडतो का? याला मी चाचणी म्हणेन. पाच मिनिटांत पाठीवर थाप मारून होणारी ती गोष्ट नव्हे. आणि अंग लागतच नाही असंही नाही. उंची शिकवता येत नाही, मान रुंद असली तर फायदाच. प्रश्न एवढाच की आज दिसणारं अंग हे पोराचं भांडवल आहे, का त्याच्या वाट्याचं सगळं आधीच हातात आलेलं आहे?

हे थोडंफार काढता येतं, आणि त्याला एक्स-रे लागत नाही. आईबापांच्या सेंटिमीटरमधल्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर तेरा मिळवा, दोनानं भागा. पुतण्याचा बाप १६५, आई १५०. उत्तर १६४. आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे धरा. पोरगं आजच १६५ आहे. म्हणजे बहुधा त्याची बरीचशी वाढ होऊन गेलेली आहे. दर तीन महिन्यांनी भिंतीवर रेघ मारली तरी दिसेल, रेघा लांब पडतायत का जवळ येतायत. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांत तर पोरांचे गट कधी कधी वयावर न पाडता अपेक्षित उंचीचा किती टक्के भाग गाठला यावर पाडतात, म्हणजे थोराड पोराला त्याच्या जोडीचं कुणीतरी भेटतं आणि त्याला डोकं वापरावं लागतं. जोड बघून कुस्ती लावणं आपल्याला नवीन नाही. हगाम्यातला पंच तेच करतो. फक्त तो आजची जोड बघतो.

खाशाबांसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं, ही गोष्ट बप्पांनीच मला लहानपणी सांगितली होती. यंदा वादात त्यांनी ती माझ्यावर पुन्हा टाकली. मी म्हणालो, बप्पा, खर्डेकरांनी गहाण टाकलं ते सव्वीस वर्षांच्या मल्लासाठी, जो चार वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. तेरा वर्षांच्या पोराच्या मिशीवर नाही. बप्पा उठून गेले.

पुण्याला परत आलो. आठवड्यानं वहिनीला फोन लावला. ती सांगलीकडे फडावर होती. म्हटलं, वहिनी, ह्याचा जन्म नेमका कधीचा? शाळेत एक जून दोन हजार बारा लिहिलंय.

"शाळेतलं सोडा भाऊजी. हा फडावरच झाला. कारखाना बंद व्हायला आला होता." मग थोडं थांबून म्हणाली, "इंडियानं वर्ल्डकप जिंकला ना, तवा फटाके वाजले तं हा दचकून उठला होता. दोन-तीन आठवड्यांचा होता."

ती २ एप्रिल २०११ची रात्र. म्हणजे पोरगं तेराचं नाही, साडेचौदाच्या पुढचं आहे. आणि साडेचौदा वर्षांचा, पाच फूट पाच इंचांचा, एकसष्ट किलोचा पोरगा म्हणजे चांगला धडधाकट पोरगा. बास, एवढंच.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "उचल तं बप्पानं घेतली की परवा."